अकोल्याचा संस्थापक कोण? : दंतकथा आणि पुरावा

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ‘माझे गाव’ या विषयावर बोलले होते. अकोला शहर अकोलसिंग राजाने वसवले, असे मी मोठ्या अभिमानाने ठणकावून सांगितले. टाळ्याही पडल्या. स्पर्धा संपल्यावर परीक्षकांपैकी इतिहासाच्या सरांनी मला जवळ बोलावले आणि शांतपणे विचारले, “तुमचा अकोलसिंग कोणत्या शतकातला?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेवढ्यात अकोल्याचाच एक वर्गबंधू पुढे येऊन म्हणाला, “सर, किल्ल्याचं नावच असदगड आहे. गाव असदखानानं वसवलं.” दुसरा म्हणाला, “असदखान कालचा, अकोलसिंग त्याच्या आधीचा.” दोघेही आवाज चढवून बोलू लागले आणि प्रकरण हमरीतुमरीवर येते की काय असे वाटू लागले. सर म्हणाले, “भांडू नका, ग्रंथालयात जा.” प्रस्तुत लेख हे त्या ग्रंथालयात जाण्याचे फळ आहे.

लेखाला सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. महाविद्यालयाची पायरी चढणारी मी आमच्या घरातली पहिलीच. वडील अकोल्याच्या बाजारात हमाली करतात. आजीने शाळा पाहिलेली नाही. आमच्या घरात कागद म्हणजे रेशनकार्ड आणि विजेचे बिल. बाकी सारे पूर्वज, गाव, देव, दुष्काळ आमच्यापर्यंत तोंडी आले. म्हणून ‘पुरावा’ हा शब्द मी वर्गात प्रथम ऐकला तेव्हा मनात थोडी भीती वाटली. कागदावर असेल तोच इतिहास असेल, तर आमच्या घराला इतिहासच नाही असे होईल की काय? हा प्रश्न मी शेवटासाठी राखून ठेवते आणि मूळ विषयाकडे वळते.

आजीची गोष्ट

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, राजेश्वराचे देऊळ आहे. राजेश्वर हे अकोल्याचे ग्रामदैवत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजेश्वराला अभिषेक करतात. त्या रात्री अख्खे गाव जागे असते. आजीने मला अकोलसिंगाची गोष्ट प्रथम सांगितली ती अशाच एका कावडीच्या रात्री. ती तिच्याच शब्दांत देते :

“अकोलसिंग कान्हेरीचा. अती आला तं त्यानं पाह्यलं, ससा कुत्र्याच्या मांगं लागला. कुत्रा पुढं अन् ससा मांगं! त्यानं म्हनलं, ज्या मातीत सशाले एवढी हिंमत येते, थे माती लय सत्वाची. मंग त्यानं मातीचा कोट बांधला अन् गाव वसवलं.”

गोष्टीचा दुसरा भाग अकोलसिंगाच्या बायकोचा आहे. ती रोज मध्यरात्री एकटी राजेश्वराच्या दर्शनाला जाई. नवऱ्याच्या मनात संशय आला. एका रात्री तो नागवी तलवार घेऊन तिच्या मागोमाग गेला. तिने ते पाहिले आणि देवाचा धावा केला. पिंड दुभंगली, ती आत शिरली, पिंड पुन्हा मिटली. बाहेर राहिला तो फक्त लुगड्याचा पदर.

ही गोष्ट अकोल्यात सर्वांनाच ठाऊक आहे. १९१० साली ब्राउन व नेल्सन या इंग्रज अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या अकोला जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही ती आली आहे. ग्रंथालयात ते पुस्तक हाती आले आणि आजीची गोष्ट इंग्रजीत छापलेली दिसली, तेव्हा मला फार आनंद झाला. पुरावा मिळाला, असे वाटले! मी धावतच सरांकडे गेले. सर म्हणाले, “१९१० साली लोक ही गोष्ट सांगत होते, याचा हा पुरावा आहे. गोष्ट घडली, याचा नव्हे.” या एका वाक्याने माझ्या अभ्यासाला खरी सुरुवात झाली. छापले म्हणून खरे, असा आपला समज असतो. पण छापणाऱ्याने कोणाला विचारले, हा प्रश्न आपण विचारीत नाही. गॅझेटियरकारांनी अकोल्यातल्याच कोणा आजोबा-आजींना विचारले असणार. म्हणजे माझी आजी आणि गॅझेटियर हे दोन साक्षीदार नव्हेत. एकच साक्ष दोनदा नोंदवली गेली आहे.

ससा किती गावांत धावला?

यानंतर मी गोष्टीतल्या सशाचा माग काढू लागले आणि मला आश्चर्याचा धक्काच बसला. हा ससा फक्त अकोल्यात धावलेला नाही.

आपल्या विदर्भातच चंद्रपूर शहराची गोष्ट पाहा. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह शिकारीला गेला असता कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. राणीच्या सल्ल्यावरून, ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेवर राजाने परकोटाची आखणी केली आणि चंद्रपूर वसले. गुजरातेत जावे तर १४११ साली अहमदशाहने अहमदाबाद वसवले, तेव्हाही साबरमतीच्या काठी सशाने कुत्र्याला पळवले होते, असे लोक सांगतात. दक्षिणेत विजयनगरची स्थापना परंपरेने १३३६ सालची मानतात. तेथेही शिकारी कुत्र्यांवर उलटलेला ससा आहेच. सोळाव्या शतकात विजयनगरात आलेला पोर्तुगीज व्यापारी नुनिज याने ती गोष्ट लिहून ठेवली आहे.

हिंदू राजा असो, गोंड राजा असो की मुसलमान सुलतान असो, प्रत्येकाच्या नगराबाहेर तोच ससा उभा! आता इतक्या ठिकाणी, इतक्या वेगळ्या शतकांत, सशांनी खरोखरच कुत्र्यांना पळवले असेल काय? की एक चांगली गोष्ट बैलगाड्यांबरोबर, लमाणांच्या तांड्यांबरोबर, फौजांबरोबर गावोगाव फिरली आणि प्रत्येक गावाने तिच्यात आपल्या राजाचे नाव घातले? दुसरी शक्यताच अधिक पटते. गोष्टीचा अर्थ स्पष्ट आहे : या मातीत दुबळ्यालाही बळ येते. गावाला आपल्या भूमीविषयी जे म्हणायचे होते, ते त्याने सशाच्या तोंडून म्हटले. अर्थ सुंदर आहे, पण ती घटना नव्हे. एकच प्रसंग अनेक गावांत जसाच्या तसा आढळला, तर तो कोणत्याही एका गावाचा इतिहास म्हणून पुढे करता येत नाही, हा धडा मी येथे शिकले.

नाव आधी की माणूस आधी?

अकोलसिंगावरून अकोला हे नाव पडले, असे आपण म्हणतो. पण अकोला हे नाव एकाच गावाचे नाही. यवतमाळ जिल्ह्यात अकोला बाजार आहे. अकोटजवळ अकोली जहागीर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले हे तालुक्याचे गाव आहे. राजस्थानात चित्तोडच्या बाजूला कापडावरील छपाईसाठी नावाजलेले अकोला आहे. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर अंकोला आहे. या सर्व ठिकाणी एकेक अकोलसिंग होऊन गेला असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडे झाडांवरून गावांना नावे पडण्याची रीत फार जुनी आहे. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, जांब, उंबर्डा ही नावे आपण रोज ऐकतो. अंकोल नावाचे एक रानझाड आहे. त्यावरून अकोला, अकोली ही नावे पडली असण्याचा संभव मला अधिक वाटतो. हा केवळ तर्क आहे, पण एका राजापेक्षा एक झाड इतक्या दूरदूरच्या गावांचा उलगडा अधिक सोपेपणाने करते.

गावावरून माणूस तयार होण्याचा प्रकार जगात इतरत्रही झाला आहे. रोम शहर रोम्युलसने वसवले, त्याला लांडगिणीने दूध पाजले, अशी कथा आहे. ख्रिस्तपूर्व ७५३ हे स्थापनेचे वर्षही पुढे ठरवले गेले. रोमच्या टेकडीवर उत्खननात फार जुन्या झोपड्यांच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे वस्ती खरी. पण रोम्युलसवरून रोम झाले नसून रोमवरून रोम्युलस झाला, असेच बहुतेक विद्वान मानतात. गावाचे मूळ विसरले की गाव आपल्या नावातून एक पूर्वज घडवते.

अमरावतीकर वाचकांनी आम्हां अकोलेकरांना हसू नये! उंबराच्या झाडांवरून उदुंबरावती आणि तिची पुढे अमरावती, ही व्युत्पत्ती तुम्हीच सांगता. अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, असेही सांगता. रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असलेल्या वर्धेकाठच्या कौंडिण्यपूर येथे १९६० नंतरच्या दशकात डॉ. मो. ग. दीक्षित यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. सातवाहन काळातील आणि त्याही पूर्वीच्या वस्तीचे अवशेष तेथे निघाले. त्यामुळे कौंडिण्यपूर प्राचीन आहे हे सिद्ध झाले. पण रुक्मिणी सिद्ध झाली असे उत्खनन करणाऱ्यांनी म्हटले नाही. कुदळ वस्तीचे वय सांगते, गोष्टीतल्या पात्रांची नावे सांगत नाही. अमरावतीचा दगडी परकोट मात्र नक्की केव्हाचा ते ठाऊक आहे. पेंढाऱ्यांपासून येथल्या धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. त्या परकोटाला ससा लागला नाही. पेंढाऱ्यांची भीती पुरेशी होती.

दगडांची साक्ष

आता अकोल्याच्या कोटाकडे येऊ. गॅझेटियरमध्ये कोटावरील लेखांची माहिती दिली आहे. ती थोडक्यात अशी :

१) दहीहांडा वेशीवरील लेख : औरंगजेब बादशहाच्या कारकीर्दीत, नबाब असदखानाच्या काळात, हिजरी १११४ मध्ये वेस बांधली.

२) ईदगाहवरील लेख : हे काम ख्वाजा अब्दुल लतीफ याने हिजरी १११६ मध्ये पुरे केले.

३) फत्ते बुरुजावरील लेख : बांधकामाविषयी मजकूर आहे, पण सन नाही.

४) अगरवेशीवरील मराठी लेख : गोविंद आप्पाजी याने १८४३ मध्ये किल्ला बांधला.

हे वाचून मी चक्रावले. आतापर्यंत संस्थापकपदाचे दोन उमेदवार होते, आता चार झाले! त्यातही चौथा लेख पहिल्या दोहोंना सरळ खोटे पाडतो. दगडावर कोरलेले आहे म्हणून तेही सारेच खरे मानता येत नाही. १८०३ साली अडगावच्या लढाईपूर्वी आर्थर वेलस्लीच्या फौजेचा तळ अकोल्याला पडला होता. नबाबाचा कोट तेव्हा शंभर वर्षांचा झाला होता. तेव्हा १८४३ मध्ये ‘किल्ला बांधला’ याचा अर्थ वेस दुरुस्त केली किंवा पडका भाग पुन्हा उभारला, एवढाच घेतला पाहिजे. आजही गावात एखाद्या जुन्या देवळाला नवा रंग दिला की दारावर संगमरवरी पाटी लागते. पाटी वाचणाऱ्याला वाटते, देऊळ त्याच गृहस्थाने बांधले!

येथे राजवाड्यांची आठवण होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींतील चुका दाखवून समकालीन कागदपत्रांचे महत्त्व सांगितले. समकालीन कागद आणि नंतरची आठवण यांत पहिल्याला मान द्यावा, ही त्यांची दृष्टी. तीच कसोटी दगडांना लावली, तर दहीहांडा वेशीचा लेख त्या बांधकामाचा समकालीन ठरतो आणि अगरवेशीचा लेख फक्त १८४३ च्या कामाची साक्ष देऊ शकतो, आरंभाची नव्हे.

सनाचे गणित

येथपर्यंत मी गॅझेटियरच्या मागे मागे चालत होते. एका ठिकाणी मात्र मला थांबावे लागले. गॅझेटियरमध्ये हिजरी १११४ म्हणजे इ. स. १६९७ आणि हिजरी १११६ म्हणजे इ. स. १६९८ असे दिले आहे. अकोल्याचा किल्ला १६९७ चा, असे आज जेथे तेथे लिहिलेले आढळते ते यावरूनच. आमच्या सरांनी वर्गात हिजरी सन इसवी सनात बदलण्याची सोपी रीत शिकवली होती. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून ३३ हिजरी वर्षे म्हणजे साधारण ३२ सौर वर्षे. हिजरी सनाला ३३ ने भागावे, आलेला भागाकार त्या सनातून वजा करावा आणि ६२२ मिळवावे.

मी वहीत गणित मांडले. १११४ ला ३३ ने भागले, सुमारे ३४ आले. १११४ मधून ३४ गेले, राहिले १०८०. त्यात ६२२ मिळवले, १७०२ आले. पुन्हा केले. पुन्हा १७०२. हिजरी १११६ चे गणित केले, १७०४ आले. मला वाटले आपलेच चुकत असणार. छापील इंग्रजी ग्रंथ कसा चुकेल? मी भीत भीत सरांना वही दाखवली. सरांनी स्वतः गणित केले, मग कोष्टक काढून पाहिले आणि म्हणाले, “हिजरी १११४ हे १७०२ च्या मे महिन्यात सुरू होते आणि १७०३ च्या मे महिन्यात संपते. तुमचे बरोबर आहे.”

तेव्हा दोनच शक्यता उरतात. दगडावरचा आकडा वाचताना चूक झाली, किंवा त्याचे इसवी सनात रूपांतर करताना. लेख पुन्हा वाचला जाईपर्यंत ‘१६९७’ हा आकडा छातीठोकपणे सांगू नये. औरंगजेबाच्या कारकीर्दीच्या अखेरच्या दहा वर्षांत अकोल्याचा पक्का कोट झाला, एवढे निश्चितपणे म्हणता येते, कारण औरंगजेब १७०७ साली वारला आणि दोन्ही आकडे या दहा वर्षांत बसतात.

१७०२-०३ हे वर्ष धरले, तर आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो. त्या काळी बादशाही फौज सह्याद्रीतील किल्ल्यांना वेढे घालीत होती आणि मराठ्यांची पथके मोगली मुलखात दूरवर शिरत होती. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे वऱ्हाडात उतरले आणि त्यांनी वऱ्हाडच्या नायब सुभेदाराला, रुस्तुमखानाला, पकडले. अशा दिवसांत मोर्णेकाठच्या बाजारगावाला पक्का कोट का हवा होता, हे सांगायला दंतकथा लागत नाही.

मग संस्थापक कोण?

असदखान कोण होता? तो औरंगजेबाचा वजीर. ‘जुम्दत-उल्-मुल्क’, ‘मदार-उल्-महाम’ असे त्याचे किताब. १६७६ पासून बादशहाच्या मृत्यूपर्यंत तो त्या पदावर होता. अकोला त्याच्या जहागिरीत होते. साम्राज्याचा वजीर विटा मोजायला मोर्णेच्या काठी उभा राहिला असेल हे संभवत नाही. प्रत्यक्ष काम पाहणारा माणूस ईदगाहवर नाव असलेला ख्वाजा अब्दुल लतीफ असावा. आणि त्याच्याही खाली ज्यांनी माती कालवली, विटा भाजल्या, दगड वाहिले, ते गवंडी, बेलदार, कुंभार, मजूर. त्यांची नावे एकाही वेशीवर नाहीत. हमालाची मुलगी म्हणून हे मला जरा अधिक लागले, हे कबूल करते.

पण असदखानाला गावाचा संस्थापक म्हणता येईल काय? येत नाही. जहागीर म्हणजे वसुलाचा हक्क. वसूल यायला आधी गाव हवे, शेते हवीत, बाजार हवा. ओसाड माळाची जहागीर वजिराला कोण देईल? अकबराच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’त नरनाळा सरकारातील परगण्यांत अकोल्याचा समावेश आहे. म्हणजे असदखानाच्या पूर्वी शंभर वर्षे अकोला नांदते होते.

आता अकोलसिंगाच्या मातीच्या कोटाकडे पुन्हा पाहू. वऱ्हाडात गावोगाव पांढऱ्या मातीच्या गढ्या आहेत. काळी माती पिकाची, पांढरी वस्तीची. गावचा पाटील-देशमुख आपल्या वस्तीभोवती किंवा वाड्याभोवती मातीचा कोट घाली, ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. तेव्हा पक्क्या कोटाच्या आधी अकोल्याला मातीचा कोट असणे आणि तो कोणा कर्त्या माणसाने घातलेला असणे अगदी शक्य आहे. त्याचे नाव अकोलसिंग होते याला मात्र पुरावा नाही.

माझ्या अल्पमतीप्रमाणे या सर्वांची वर्गवारी अशी करावी. निश्चित : औरंगजेबाच्या अखेरच्या काळातला पक्का कोट, असदखान व अब्दुल लतीफ ही नावे, १८४३ चे काम. संभवनीय : त्याआधीची वस्ती आणि मातीचा कोट, झाडावरून पडलेले नाव. कल्पित : ससा, आणि बहुधा अकोलसिंग हे नावही.

शिवाय हेही लक्षात घ्यावे की आजचे अकोला या कोणाच्याच कोटात मावत नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पुरा झाला, कापसाचा व्यापार वाढला आणि मोर्णेच्या पलीकडे नवे शहर पसरले. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी किल्ला पाडला. ज्या कोटावरून आम्ही वर्गात भांडलो, तो पडल्यावरच शहर खऱ्या अर्थाने मोठे झाले! गावाला एकच बाप असतो आणि त्याचा वारसा आपल्याच लोकांकडे आहे, असे धरून चालल्यामुळे आमचे भांडण झाले होते. त्या वेशींवर फारसी आहे आणि मराठीही आहे. त्या दोन वर्गबंधूंना मी माझी वही दाखवली. अकोलसिंगवाला सशाचा चंद्रपूरपर्यंतचा प्रवास वाचून हसला. असदगडवाला म्हणाला, “म्हणजे आमचं पण चुकलंच.” दोघांनी मिळून चहा पाजला.

राणीचे काय?

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे आजीला सांगितले. ससा चंद्रपूरला होता, अहमदाबादला होता, हे ऐकून ती मुळीच नाराज झाली नाही. म्हणाली, “ससा असनच. त्याले का, तो कुठंबी जाते.” मग थोड्या वेळाने तिने विचारले, “अन् रानी व? तुया पुस्तकात रानी खोटी हाय का?”

मी गप्प राहिले. पिंड दुभंगत नाही, हे मी तिला सांगू शकले असते. पण मला एक गोष्ट आठवली. आजी ससा आणि कोट दोन वाक्यांत संपवते आणि राणीवर अर्धी रात्र बोलते. कावडीच्या रात्री आमच्या आळीतल्या साऱ्या बाया तसेच करतात. पुरुष ससा सांगतात, बाया राणी सांगतात. माझ्या शिक्षणाचा प्रश्न निघाला तेव्हाही हीच राणी पुढे आली होती. अमरावतीला मावशीकडे राहून पोरगी शिकणार म्हटल्यावर आळीतले लोक वडिलांना नाही नाही ते बोलत होते. वडील डळमळले. तेव्हा आजीने त्यांना एवढेच म्हटले, “अकोलसिंगानं तलवार घेतली अन् काय भेटलं? पदर. तुले पोरगी पायजे का पदर पायजे?” वडिलांनी दुसऱ्या दिवशी फी भरली.

तेव्हा आरंभी राखून ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. राणीची गोष्ट अकोलसिंगाच्या काळाचा पुरावा नाही. पण ती सांगणाऱ्या बायांचा ती पुरावा आहे. कोणत्या गोष्टीची त्यांना भीती होती, कोणता अन्याय त्यांना उघड बोलता येत नव्हता, आणि तो त्यांनी कोणाच्या पदराआड ठेवला, हे तीत आहे. गॅझेटियरला जो प्रश्न विचारायचा तो आजीला विचारला तर ती खोटी ठरेल. तिला तिचाच प्रश्न विचारला पाहिजे. आमच्या घराला इतिहास नाही, ही माझी भीती निराधार होती. तो आहे, फक्त तो वाचण्याची रीत वेगळी आहे.

मी आजीला म्हटले, “राणी पुस्तकात आहे, आजी. आणि ती तशीच राहू दे.” ती म्हणाली, “मंग ठीक हाय.”

असो. विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना माझी नम्र विनंती आहे की, प्रत्येकाने आपल्या गावाच्या संस्थापकाची गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून लिहून घ्यावी. मग तिला चार प्रश्न विचारावेत : ही गोष्ट प्रथम कोणी आणि केव्हा सांगितली? सांगणाऱ्याला ती कशी कळली? तीच गोष्ट दुसऱ्या गावातही सांगतात काय? आणि ती खरी ठरल्याने कोणाचा फायदा होतो? वेशीवर, देवळात, विहिरीवर एखादा लेख असेल तर तो उतरवून घ्यावा आणि सनाचे गणित स्वतः करून पाहावे. छापील ग्रंथही पाच वर्षांनी चुकू शकतो आणि वहीतले गणित बरोबर येऊ शकते, हे मी अनुभवाने सांगते.

या लेखात माझ्या काही चुका झाल्या असतील, तर प्राध्यापक महोदयांनी त्या जरूर दाखवाव्यात. येत्या श्रावणात मी कावडीला अकोल्याला जाणार आहे. या वेळी वही बरोबर नेणार आहे. आजी राणीची गोष्ट कोणत्या शब्दांत सांगते, ते मला जसेच्या तसे उतरवून घ्यायचे आहे.